सातेरी, सांतेरी, शांता : वारुळाच्या नावाची चिकित्सा

नावाचा अर्थ विचारला की आपण कोशाकडे धावतो. कोशात शब्द सापडला नाही तर त्याच्या उच्चाराशी जुळणारा दुसरा शब्द शोधतो आणि त्याचा अर्थ पहिल्या नावाला चिकटवून मोकळे होतो. ही सवय निरुपद्रवी आहे असे वरवर वाटते. परंतु पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत एका देवीच्या आणि तिच्यावरून ठेवलेल्या माणसांच्या नावांवर या सवयीने जे केले आहे, ते पाहिल्यावर तिची गंभीरपणे दखल घ्यावी असे आम्हांला वाटू लागले. ती देवी म्हणजे सातेरी. तिचे आद्य रूप म्हणजे वारूळ. ते वारूळ बांधणारा जीव म्हणजे उजेड टाळून, अंधारात मातीचा कण कणाला जोडीत राहणारी वाळवी.

या विषयावर आजवर झालेल्या लेखनाची थोडी झाडाझडती घेणे आणि नावांच्या अर्थाविषयी रूढ झालेली काही विधाने तपासणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. देवीच्या श्रद्धेविषयी आम्हांला येथे काही म्हणावयाचे नाही. ती जिच्या तिच्या ठिकाणी अबाधित आहे.

प्रथम त्या किड्याविषयी. वाळवीला आपण 'पांढरी मुंगी' म्हणतो खरे, पण तिचे मुंगीशी नाते नाही. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ती झुरळाच्या कुळातली. तिचे कामकरी बहुधा आंधळे असतात. उघड्यावर यावयाचे झाले तर मातीचे झाकलेले बोगदे करून ते आतून जातात, म्हणून लाकूड पोखरले गेल्याचे आपल्याला शेवटीच कळते. जमिनीखालची माती तोंडाने उचलायची, लाळेत कालवायची आणि रचायची, असा हा उद्योग पिढ्यान्‌पिढ्या चालतो. जांभ्या दगडाच्या आपल्या मुलखात त्यातून पुरुषभर उंचीची वारुळे उभी राहतात. आत हवा खेळती ठेवणाऱ्या पोकळ्या असतात, राणीचे दालन असते आणि एका विशिष्ट बुरशीची शेती असते. शास्त्रज्ञ त्या बुरशीला टर्मिटोमायसिस म्हणतात. पावसाळ्यात वारुळाच्या अंगावर तिची जी छत्रे उगवतात, तीच आपली अळमी. गोव्यातील या अळम्यांचा आणि वारुळांचा अभ्यास गोवा विद्यापीठातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. नंदकुमार कामत यांनी केला आहे. भर पावसात हमरस्त्याच्या कडेला पानांत बांधलेली अळमी विकत घेताना आपण कोणाच्या अंगणातले पीक घरी नेत आहोत याचा विचार फारसा कोणी करीत नाही.

मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्या की तिन्हीसांजेला याच वारुळांतून पंखवाली वाळवी बाहेर पडते. ती दिव्यावर येते, पंख टाकते आणि जोडीजोडीने मातीत शिरते. सकाळी केर काढणाऱ्या बाईला दिव्याखाली पंखांचा ढीग मिळतो. जमिनीतून उठणारा, पावसाशी आणि प्रजेशी बांधलेला हा प्रकार दर वर्षी डोळ्यांपुढे घडत असताना शेती करणाऱ्या माणसाने वारुळाला भूमीचे जिवंत अंग मानावे, यात नवल नाही. वारूळ वाढते, ढासळते, पुन्हा वाढते. दगडाची मूर्ती तसे करीत नाही.

गोमंतकात वारुळाला रोयण म्हणतात. शब्द कोकणीचा, पण आपल्या घरांतून इतकी वर्षे वापरला गेला आहे की तो आपलाही झाला आहे. मराठीतला 'वारूळ' संस्कृतातील 'वामलूर' या शब्दाच्या जवळचा दिसतो. अमरकोशात वामलूर, नाकु आणि वल्मीक हे पर्याय एकत्र दिले आहेत. 'उधई' हा आणखी एक मराठी शब्द आहे आणि त्याच्या मागे संस्कृतातील 'उद्देहिका' आहे. म्हणजे या एका किड्याभोवती आणि त्याच्या घराभोवती शब्दांची चांगलीच दाटी आहे, आणि ध्वनिसाम्याचा मोह पडावयाला एवढे पुरेसे असते.

त्या मोहाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे वाल्मीकि. वल्मीकातून बाहेर आला म्हणून वाल्मीकि, ही व्युत्पत्ती व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे. परंतु वारुळाची कथा खुद्द वाल्मीकिरामायणात नाही. तेथे, उत्तरकांडात, कवी स्वतःला प्रचेत्याचा पुत्र म्हणवितो. वारुळाने वेढला गेलेला तपस्वी महाभारताच्या वनपर्वात भेटतो, पण तो च्यवन. लुटारूचा ऋषी झाल्याची आणि त्याच्या अंगावर वारूळ चढल्याची कथा अध्यात्मरामायणात येते, म्हणजे बऱ्याच नंतर. पुढे ती मराठीत आली तेव्हा लुटारूला नाव हवे होते. बंगाली परंपरेत तो रत्नाकर झाला. आपल्याकडे तो वाल्या कोळी झाला. मराठी माणसाला 'वाल्या'चा 'वाल्मीकि' झाला असे वाटते. घडले ते उलट असावे : 'वाल्मीकि'चा घरगुती उच्चार करून 'वाल्या' तयार झाला आणि मग कथेत तो आधी जन्मल्यासारखा बसला. जेजुरीजवळच्या वाल्हे गावाचे नावही त्याच ओढीने या कथेला येऊन मिळाले. नाव आधी, अर्थ मागाहून आणि कथा सर्वांत शेवटी, असा हा क्रम आहे. तो ध्यानात ठेवून आता सातेरीकडे वळू.

या देवीच्या नावाचे तीन उच्चार आपल्या भागात ऐकू येतात : सातेरी, सांतेरी (किंवा नुसते सांतेर) आणि शांतेरी. यांच्या जोडीला चौथे नाव उभे राहते, ते शांतादुर्गा. वेंगुर्ल्याची ग्रामदेवता सातेरी आहे. तेथून खाली उतरत पेडण्यात आले की तेच नाव चालते. काही देवळांच्या गाभाऱ्यात आजही जिवंत वारूळ आहे आणि उत्सवात त्यावर देवीचा मुखवटा बसवितात. फोंड्याकडे, विशेषतः कवळ्याला, शांतादुर्गेचे वैभव दिसते. ती मूळची केळशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या धर्मच्छळामुळे तिला खाडीपलीकडे आणावे लागले आणि पुढे शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने, आजचे देऊळ उभे राहिले. रुई गोम्स परेरा यांनी गोव्यातील हिंदू देवळांविषयीच्या आपल्या ग्रंथात गावोगावच्या जुन्या दैवतांच्या याद्या दिल्या आहेत. त्यांत सांतेरी हे नाव पुन्हा पुन्हा येते.

आता अर्थ. प्रचलित अर्थ तीन आहेत आणि तिन्ही तपासण्यासारखे आहेत.

पहिला अर्थ 'शांत'. शिव आणि विष्णू यांच्यात युद्ध जुंपले, देवीने मध्ये पडून दोघांना शांत केले, म्हणून ती शांतादुर्गा. आणि शांतेरी, सातेरी ही त्याच नावाची बोलीतील झिजलेली रूपे, असे सांगितले जाते. कथा सुंदर आहे. शैव आणि वैष्णव या दोन्ही परंपरा नांदलेल्या आपल्या समाजात ती रुजली याचे कारणही स्पष्ट आहे. परंतु भाषेच्या दृष्टीने पाहिले तर येथे दोन अडचणी येतात.

एक अडचण 'श'ची. मराठीत वारशाने आलेल्या शब्दांत आ, उ या स्वरांपूर्वी मूळच्या 'श'चा 'स' होतो : शाटीची साडी, शुंठीची सुंठ, श्वशुराचा सासरा, शृंखलेची साखळी. उलट इ, ए यांच्यापूर्वी 'श' येतो आणि मूळचा 'स'सुद्धा 'श' होतो : सीमेची शीव, सिक्थाचे शीत. या नियमाने 'सातेरी' किंवा 'सांतेरी' हा उच्चार लोकांच्या तोंडी वाढलेला आहे आणि 'शांतेरी'तल्या 'शां'ला पोथीचा हात लागला आहे. अर्थात एवढ्याने निर्णय होत नाही, कारण 'शांत'चे झिजून 'सांत' होऊ शकते हेही याच नियमात बसते. दुसरी अडचण अधिक मोठी आहे. 'शांतादुर्गा' झिजली तर शांता, शांताई, शांतू असे काही तरी उरेल. 'एरी' कोठून आली? 'दुर्गा' या शब्दातून ती काढता येत नाही. याउलट 'सांतेरी' हे नाव आधीच प्रचारात असेल, तर त्याच्या पहिल्या अक्षरांवर 'शांता' बसविणे आणि मागे 'दुर्गा' जोडणे हे कोणाही व्युत्पन्न पुराणिकाला सहज जमण्यासारखे होते. म्हणून प्रवास सातेरीकडून शांतादुर्गेकडे झाला, हेच मत आम्हांला ग्राह्य वाटते.

मूर्तिविधानातही एक धागा मिळतो. कवळ्याच्या देवीच्या दोन हातांत दोन सर्प आहेत आणि ते शिव व विष्णू यांचे प्रतीक असल्याचे सांगतात. आमच्या मते सर्प आधीचे आणि स्पष्टीकरण नंतरचे असावे. वारूळ आणि नाग यांची जोडी कोणालाही ठाऊक आहे. देवी वारुळातून गाभाऱ्यात आली तेव्हा तिने आपले शेजारी हातांत घेतले, असे म्हटले तर ते हरिहराच्या भांडणापेक्षा अधिक सरळ आहे. हा आमचा तर्क आहे आणि तर्क म्हणूनच तो येथे मांडीत आहोत.

दुसरा अर्थ 'सात'. सातेरी म्हणजे सात भोकांची, किंवा सात बहिणींपैकी एक. सात हा आकडा आपल्या धर्मजीवनात इतका फिरतो की त्याला कोठेही जागा मिळते. धार्मिक विधीत ज्या सप्तमृत्तिका लागतात, त्यांत वारुळाची माती असते. तेवढ्यावरून कोणी सातेरीला सातव्या मातीची देवीही म्हणेल. परंतु पुरावा पाहिला तर सात बहिणींची जी कथा डिचोली-पेडण्यात घरोघर माहीत आहे, तीत शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई, म्हापशाची मिराबाई अशी नावे येतात आणि त्यांचा भाऊ खेतोबा येतो. सातेरीला त्या परिवारात सहसा गणत नाहीत. ती कोणाची बहीण नाही. ती गावाची माती आहे. शिवाय सात हा शब्द धरला तर 'सांतेरी'तील अनुस्वाराचे काय करावयाचे, हा प्रश्न उरतोच.

याच बहिणींच्या नावांत ध्वनिसाम्याची आणखी उदाहरणे सापडतात. मये गावाची देवी माया झाली आणि मायेची महामाया. गावाचे नाव देवीवरून आले की देवीचे गावावरून, हे आज सांगणे सोपे नाही. पण दोन्ही शब्द जवळ आल्याबरोबर वेदान्तातली माया डिचोलीच्या तळ्याकाठी येऊन बसली, हे खरे. केळबाईला ऐकणारा केळीशी जोडतो. तिची अनेक शिल्पे मात्र गजलक्ष्मीची आहेत : दोन बाजूंनी हत्ती आणि मध्ये जलाभिषेक घेणारी देवी. नाव एक सांगते आणि दगड दुसरे सांगतो. अशा वेळी आम्ही दगडावर विश्वास ठेवतो.

तिसरा अर्थ आधुनिक आहे. तो आपल्याला संस्कृताच्या बाहेर नेतो. गोव्याचे आद्य रहिवासी ऑस्ट्रिक भाषाकुलातले होते, रोयण हा त्यांच्या भाषेतील 'छिद्रे असलेले' अशा अर्थाच्या शब्दापासून आला आणि सांतेर हीही त्यांचीच देवी, असे हे प्रतिपादन आहे. अनंत रामकृष्ण धुमे यांच्या गोव्याच्या सांस्कृतिक इतिहासावरील इंग्रजी ग्रंथाने, म्हणजे 1986 पासून, या दिशेच्या विचाराला चालना मिळाली. त्यामागची प्रेरणा आम्हांला आदरणीय वाटते. ज्यांनी ही जमीन प्रथम कसली त्यांना इतिहासात जागा देण्याची ती प्रेरणा आहे. परंतु पद्धत पाहिली तर ती पुराणिकाचीच आहे. त्याने संस्कृतातून जवळचा शब्द उचलला. यांनी मुंडा भाषांतून उचलला. छिद्राचाच अर्थ हवा असेल तर संस्कृतात 'रंध्र' आहे आणि त्याचा ध्वनीही 'रोयण'पासून फार दूर नाही. दोन वेगळ्या कुळांतील दोन शब्द एकाच नावाला सारखेच चिकटत असतील, तर त्या चिकटण्याला पुरावा म्हणता येत नाही. मधली रूपे दाखवावी लागतात, ध्वनिपरिवर्तनाचा नियम सांगावा लागतो, आणि तोच नियम इतर शब्दांनाही लागू पडतो हे सिद्ध करावे लागते. तेवढे झाल्याखेरीज अशी व्युत्पत्ती हे केवळ अनुमान राहते.

मग या विषयावर भरवशाचे काही लिहिले गेले आहे की नाही? गेले आहे. रा. चिं. ढेरे यांचा 'लज्जागौरी' हा ग्रंथ 1978 मध्ये प्रसिद्ध झाला. वारूळ हे भूमीच्या योनीचे प्रतीक आहे आणि सांतेरी, भूमिका, रेणुका-यल्लम्मा या देवता त्या एकाच भूमातेची रूपे आहेत, हा त्यातील विचार आज गोमंतकाविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाला विचारात घ्यावा लागतो. ढेरे यांचे वैशिष्ट्य असे की ते केवळ नावावर विसंबत नाहीत. रेणुका म्हणजे रेणूंची, मातीच्या कणांची, असा अर्थ ते घेतात तेव्हा त्याच्या पाठीशी मूर्ती, विधी, कथा आणि क्षेत्र यांची साक्ष उभी असते. वाळूचा घट रोज नव्याने घडविणारी रेणुका आणि माती रोज नव्याने रचणारी वाळवी यांच्यात एक आशयाचे नाते आहे आणि ते कानाने जुळविलेले नाही. 'रोयण' आणि 'रेणू' हे शब्द सारखे वाटतात म्हणून कोणी हे नाते सांगितले असते तर आम्ही ते मान्य केले नसते.

तरीही एक तक्रार नोंदविल्यावाचून राहवत नाही. ढेरे यांचा आवाका फार मोठा आहे. आंध्र-कर्नाटकापासून कोकणापर्यंत एकच भूमाता पाहत असताना गावागावातला फरक त्यांच्या लेखनात पुसट होतो. सातेरीच्या शेजारी भूमिका वेगळ्या नावाने का उभी आहे, एकाच पंचायतनात दोघींचे मान निराळे का, या प्रश्नांना 'दोघी एकच' हे उत्तर पुरत नाही. गावाला त्या एक वाटत नाहीत. बा. द. सातोस्कर यांच्या 'गोमंतक : प्रकृती आणि संस्कृती' या ग्रंथमालेत, तिचा पहिला खंड 1979 चा, स्थानिक तपशिलाची श्रीमंती आहे, पण ती माहिती सैल बांधलेली आहे आणि ऐकीव काय व पाहिलेले काय याचा भेद वाचकालाच करावा लागतो. विठ्ठल राघवेंद्र मित्रगोत्री यांचा भोजांपासून विजयनगरापर्यंतच्या गोव्याचा सामाजिक-सांस्कृतिक इतिहास 1999 मध्ये आला. त्यात शिलालेख आणि मूर्ती यांचा आधार अधिक कसोशीने घेतला आहे आणि ग्रामदेवतेचे पौराणिक देवतेत रूपांतर होण्याची प्रक्रिया नीट दिसते. या तिन्ही ग्रंथांत एक गोष्ट मात्र आम्हांला जवळपास कोठेच आढळली नाही. देवीच्या नावाची चर्चा आहे, पण त्या देवीवरून ज्या माणसांची नावे ठेवली गेली त्यांचे काय झाले, याची नाही.

आणि आपला प्रश्न तर तोच आहे.

'सातेरी' हे पुरुषाचे नाव आहे. बेळगाव-चंदगडापासून सावंतवाडी आणि पेडण्यापर्यंत ते आढळते. मूल जगत नसले की देवीला नवस करावयाचा आणि झालेल्या मुलाला तिचे नाव द्यावयाचे, ही रीत. आमच्याच घरात एक चुलत आजोबा सातेरी नावाचे होते. शाळेत नाव घालते वेळी मास्तरांनी विचारले, हे कसले नाव? आणि पुस्तकात लिहिले 'शांताराम'. मास्तरांचा हेतू वाईट नव्हता. मुलाला चारचौघांत शोभेल असे नाव द्यावे, एवढेच त्यांच्या मनात होते. पुढे आयुष्यभर आजोबांची दोन नावे चालली. देवीपुढे गाऱ्हाणे घालताना सातेरी, बाकी कागदोपत्री शांताराम. त्यांच्या पश्चात वाटणीचे काम निघाले तेव्हा जुन्या कागदात सातेरी आणि नव्यात शांताराम असे दोन गृहस्थ निघाले, आणि ते दोघे एकच होते हे प्रतिज्ञेवर सांगण्यासाठी गावातल्या एका वृद्धाला कचेरीत न्यावे लागले. त्या वृद्धाने साक्षीत सांगितले ते आमच्या कानांत अजून आहे : "शांताराम मला माहीत नाही. सातेरीला मी ओळखत होतो."

ही एका घराची गोष्ट नव्हे. गोव्यात नाव-आडनाव बदलण्यासाठी 1990 पासून स्वतंत्र कायदा आहे, परंतु असले बदल बहुतेक त्याच्या कितीतरी आधी, अर्ज न करता, कोणाच्या तरी लेखणीच्या फटकाऱ्यासरशी झाले. सातेरीचा शांताराम झाला. शांतेरीची शांता आणि शांतेची पुढे शांती झाली. पोर्तुगीज अमलातील रोमी अक्षरांतले कागद यासाठी पाहण्यासारखे आहेत. पोर्तुगीज लेखनपद्धतीत 'श' हा 'एक्स' या अक्षराने लिहितात आणि 'स' हा 'एस' या अक्षराने. म्हणजे एका अक्षरावरून लिहिणाऱ्याच्या कानावर 'सातेरी' पडले की 'शांतेरी' हे कळू शकते. आपल्या पेट्यांत असे कागद आहेत. ते पाहून कोणत्या पिढीत 'स'चा 'श' झाला याची नोंद कोणी केली, तर ती दहा व्युत्पत्तींहून मोलाची होईल.

आज हेच काम बाळाच्या नावांच्या पुस्तिका करीत आहेत. त्यांत प्रत्येक नावापुढे एका शब्दाचा अर्थ असतो. शांतेरीपुढे 'शांत स्वभावाची' एवढेच छापले की आईबापांचे समाधान होते. नावाला अर्थ मिळतो आणि वारूळ जाते. आमचा आक्षेप 'शांता' या नावाला नाही. ते चांगले, जुने नाव आहे. आक्षेप आहे तो दोन वेगळ्या नावांना एक करण्याला. शांता हा गुण आहे. सातेरी ही जागा आहे. गुण कोठेही नेता येतो. जागा नेता येत नाही, आणि म्हणूनच त्या नावाला किंमत आहे.

येथे आम्हांला स्वतःविषयीही बोलले पाहिजे. आपल्यापैकी पुष्कळांची घराणी घाटावरून किंवा वाडीकडून या भागात आली. डिचोली 1781-82 च्या सुमारास आणि पेडणे 1788 मध्ये पोर्तुगिजांकडे कायमचे गेले. त्यापूर्वी हा मुलूख सावंतवाडीच्या भोसल्यांकडे होता आणि अनेक कुटुंबे त्या काळात वतनाने, चाकरीने किंवा पौरोहित्याने येथे स्थिरावली. आपण आलो तेव्हा सातेरी येथे होती. आपण तिला नारळ ठेवला, तिची पाळी सांभाळली, तिचे नाव मुलांना दिले. हे सर्व खरे आहे आणि त्याचा अभिमान वाटावा असे आहे. पण पोथी आपल्याच हातांत होती. पुराण सांगणारे, वही लिहिणारे, शाळेत शिकविणारे बहुधा आपलेच लोक होते. 'कसले हे नाव' असे विचारणारे मास्तरही आपल्यातलेच होते. 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण आपण दुसऱ्याला लावतो. वारूळ वाळवीने बांधावे, नागाने त्यात राहावे आणि पूजा नागाची व्हावी, असे नावांच्या बाबतीत आपल्या हातून थोडेबहुत घडले आहे. आपण मराठीचा अभिमान बाळगतो. रोयण हा शब्द कोकणी आहे म्हणून त्याला लेखनात टाळणे आणि सातेरी हे नाव गावठी आहे म्हणून त्याला दुरुस्त करणे, या दोन्ही गोष्टींनी मराठीचे काही वाढले नाही.

याला आज आणखी एक निकड आली आहे. डिचोलीच्या डोंगरांवर खाणींनी काय केले ते सर्वांसमोर आहे. पेडण्यात मोपाच्या सड्यावर 2023 च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली आणि भोवतालच्या गावांत जमिनीचे भाव व घरांची संख्या दोन्ही वाढत आहेत. जमीन सपाट करताना वारूळ प्रथम जाते. पूर्वी ते तोडताना माणूस थबकत असे, कारण ती देवी होती. नावातून देवीचा आणि मातीचा संबंध पुसला गेला की थबकण्याचे कारणही उरत नाही. शांत स्वभावाच्या देवीला सिमेंटचे देऊळ पुरते. सातेरीला वारूळ लागते.

मग सातेरी या नावाचा अर्थ काय? भाषाशास्त्राने सिद्ध केलेला एका शब्दाचा अर्थ आम्ही देऊ शकत नाही आणि जे तो देतात त्यांच्यावर घाईने विश्वास ठेवू नये असे सांगतो. परंतु नावाला अर्थ मिळण्याचा दुसराही एक मार्ग असतो. ते कोणत्या वस्तूकडे बोट दाखविते, कोणत्या प्रसंगी उच्चारले जाते, कोणावर ठेवले जाते आणि ते घेतल्यावर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते, हे पाहावयाचे. त्या मार्गाने गेले तर सातेरी म्हणजे गावाच्या सीमेत स्वतःहून उठलेली, आंधळ्या किड्यांनी रात्रंदिवस बांधलेली, पावसाबरोबर प्रजा देणारी माती. हा अर्थ कोणत्याही कोशात नाही, पण पेडणे-डिचोलीतल्या शेतकऱ्याला तो सांगावा लागत नाही.

आमची सूचना साधी आहे. ज्यांच्या घरात सातेरी, सांतेरी, शांतेरी अशा नावाचा कोणी पूर्वज होऊन गेला असेल, त्यांनी वंशावळीत ते नाव होते तसेच लिहावे. कंसात शांताराम लिहावयाचे तर लिहावे, पण मूळ नाव कंसात टाकू नये. आमच्या वंशावळीत आम्ही या वर्षी तशी दुरुस्ती केली. चुलत आजोबांच्या नावाच्या जागी आता पहिल्यासारखे 'सातेरी' आहे.